अल्गोरिदमला कुंपण घालून करमरकर घडत नाहीत

अल्गोरिदमला, म्हणजे प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याच्या रीतीला, पेटंट मिळावे की नाही, हा वाद कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेबरोबर आपल्याकडे पुन्हा वर आला आहे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. हे कलम जुनाट झाले, सैल करा, असे म्हणणारे लोक हमखास एक नाव पुढे करतात: गणितज्ञ नरेंद्र करमरकर. आपल्या माणसाने जगाला चकित करणारी रीत शोधली, अमेरिकेच्या कायद्याने तिची किंमत ओळखली, आपल्या कायद्याने ओळखली नसती, म्हणूनच अशी माणसे इथे टिकत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद. समोरचा पक्ष उत्तर देताना तितकाच घसरतो. करमरकरांनी फारसे नवे काही केलेच नव्हते, रशियात ते आधीच झाले होते, एवढे म्हणून तो मोकळा होतो. एकाला कायदा बदलण्यासाठी माणसाचा जयजयकार हवा आहे, दुसऱ्याला कायदा वाचवण्यासाठी माणूस खाली ओढायचा आहे. मला दोन्ही अमान्य आहे. करमरकरांचे काम खरोखर मोठे आहे, आणि त्या कामाचे पुढे जे झाले तोच गणिताच्या पेटंटविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

मुळात त्यांनी सोडवलेला प्रश्न काय होता, हे वादात कुणी सांगतच नाही. साधने मर्यादित, अटी अनेक, आणि खर्च कमीत कमी किंवा नफा जास्तीत जास्त करायचा, अशा हिशेबाला लिनिअर प्रोग्रामिंग म्हणतात. विमान कंपनीने कोणते विमान कुठे पाठवायचे, तेल शुद्धीकरण कारखान्याने कोणते कच्चे तेल किती मिसळायचे, टेलिफोनचे जाळे कुठे वाढवायचे, हे सगळे त्यात बसते. लेनिनग्राडमध्ये लिओनिद कान्तोरोविच यांनी १९३९ साली प्लायवूड उद्योगाच्या अडचणीतून हे गणित मांडले. १९४७ साली अमेरिकी हवाई दलात काम करणाऱ्या जॉर्ज डँट्झिग यांनी ते सोडवण्याची सिम्प्लेक्स रीत दिली. सुरुवातीलाच ती एका आहाराच्या प्रश्नावर वापरून पाहिली गेली. ७७ खाद्यपदार्थ, ९ पोषक घटक, आणि सगळ्यांत स्वस्त पण पुरेसा आहार कोणता, हा प्रश्न. हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर तो सोडवायला सगळ्या माणसांचे मिळून सुमारे १२० दिवसांचे काम लागले. आज फोनवरसुद्धा तो क्षणात सुटेल.

अटींनी बांधलेला प्रदेश हा अनेक मितींमधला एक बहुतलक, म्हणजे सपाट भिंतींनी बंद झालेली आकृती, असतो आणि सर्वोत्तम उत्तर त्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यावर सापडते. सिम्प्लेक्स एका कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्यावर, कडेकडेने चालत जाते. प्रत्यक्षात ती बहुधा झपाट्याने पोचते, पण नेहमी पोचेलच अशी हमी नाही. १९७२ साली क्ली आणि मिंटी या दोन गणितज्ञांनी असा बहुतलक बांधून दाखवला की त्यात एकेक मिती वाढवली की कोपरे दुप्पट होतात आणि सिम्प्लेक्सला त्या सर्वांना भेट द्यावी लागते. १९७९ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ खाचियान यांनी लंबगोलांची एक रीत वापरून सिद्ध केले की प्रश्नाचा आकार वाढला तरी कष्ट, म्हणजे आकडेमोडीच्या पायऱ्या, आटोक्यात राहतील. सैद्धान्तिक अडसर दूर झाला, पण ती रीत व्यवहारात इतकी संथ निघाली की सिम्प्लेक्सला तिचा धक्काही लागला नाही.

इथे करमरकर येतात. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्म, १९७८ साली आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, पुढे कॅलटेक, आणि मग बर्कलीत रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली पीएचडी. कार्प यांच्यासोबत १९८२ साली त्यांनी ठरावीक मापाच्या पेट्यांत कमीत कमी पेट्या लागतील असे सामान बसवण्याच्या प्रश्नावर जो निष्कर्ष काढला, त्याच्या पलीकडे पुढची तीस वर्षे कुणाला जाता आले नाही. हे काम कुणी फारसे सांगत नाही, आणि त्यावर कुणाचा हक्कही नव्हता. १९८४ साली बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांनी लिनिअर प्रोग्रामिंगची नवी रीत मांडली. कडेने न जाता बहुतलकाच्या आतून जायचे. आतल्या कुठल्याही बिंदूवर उभे राहिले की एखादी भिंत अगदी जवळ असते आणि मोठे पाऊल टाकता येत नाही. करमरकरांनी प्रक्षेपीय रूपांतर वापरून प्रत्येक पावलाला सगळी आकृतीच अशी बदलली की तो बिंदू मध्यावर येतो, भिंती दूर सरकतात आणि लांब पाऊल टाकता येते. मग पुन्हा रूपांतर, पुन्हा पाऊल. कष्टांची हमी खाचियान यांच्यापेक्षा चांगली, आणि शिवाय ही रीत प्रत्यक्षात चालण्यासारखी. दोन्ही गुण एकत्र असलेली ही पहिलीच रीत होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नोव्हेंबर १९८४ मध्ये ही बातमी पहिल्या पानावर छापली. शुद्ध गणिताच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.

आता पेटंटवाल्यांचा मुख्य आधार तपासू. बेल लॅब्जसारखी संस्था असा माणूस पोसते ती नफ्याच्या आशेने, नफा येतो मक्तेदारीतून, मक्तेदारी देते पेटंट; म्हणून पेटंट नसेल तर करमरकर नाहीत. ऐकायला हे सरळ वाटते. पण बेल लॅब्ज कशावर उभी होती? ट्रान्झिस्टर, माहितीचा सिद्धान्त, युनिक्स ही संगणक प्रणाली हे सगळे ज्या काळात झाले, त्या काळात तिची मालक कंपनी ‘एटी अँड टी’ सरकारी नियंत्रणाखालची टेलिफोन मक्तेदार होती. अमेरिकी सरकारशी झालेल्या १९५६ च्या तडजोडीनुसार तिला ट्रान्झिस्टरसह आपली तोवरची पेटंटे इतरांना विनामूल्य वापरू द्यावी लागली आणि दूरसंचाराबाहेरच्या धंद्यात उतरायला बंदी झाली. युनिक्स विद्यापीठांमध्ये पसरले त्याचे एक मोठे कारण हेच. त्या प्रयोगशाळेचा सुवर्णकाळ सक्तीच्या उघडेपणात गेला. १ जानेवारी १९८४ रोजी कंपनीची फाळणी झाली, जुनी बंधने उठली आणि संगणकाच्या बाजारात उतरायची मुभा मिळाली. करमरकरांची रीत नेमकी त्याच वर्षी आली. कंपनीने तिच्याकडे विकायचा माल म्हणून पाहिले, यात नवल नाही. पण ज्या वातावरणाने तसे गणितज्ञ तिथे जमवले होते, ते त्याआधी कित्येक दशके तयार होत होते.

मूळ निबंध १९८४ च्या अखेरीस ‘कॉम्बिनेटोरिका’ या नियतकालिकात आला. तो जेमतेम २३ पानांचा. सिद्धान्त त्यात पूर्ण होता. वेगाचा मामला मात्र वेगळा होता. सिम्प्लेक्सपेक्षा पन्नास पट वेगाचा दावा गाजत होता, आणि इतर संशोधकांनी निबंध वाचून स्वतः प्रोग्रॅम लिहिले तेव्हा तो वेग त्यांना दिसेना. बेलकडे विचारणा झाली. प्रोग्रॅमचा तपशील, चाचणीचे प्रश्न, काहीच बाहेर दिले गेले नाही, कारण आता तो कंपनीच्या धंद्याचा भाग होता. पडताळणीशिवाय दावा मान्य करायचा नाही, हा विज्ञानाचा पहिला नियम. इथे दावा जगजाहीर आणि पुरावा कुलपात. यात सर्वाधिक नुकसान कुणाचे झाले? माझ्या मते करमरकरांचेच. त्यांचा सिद्धान्त निखळ होता. पण गुप्ततेमुळे त्याच्याभोवती संशयाचे जे धुके जमले, ते निवळायला वर्षे लागली. ‘पेटंट म्हणजे गुप्ततेला पर्याय, पेटंट घेतले की शोध उघड करावा लागतो’, हा पेटंटच्या बाजूचा एक चांगला मुद्दा आहे आणि औषधाच्या रेणूबाबत तो बऱ्याच अंशी खरा ठरतो. अल्गोरिदमबाबत तो लंगडा पडतो. पेटंटच्या कागदात रीत लिहिली जाते आणि ज्या बारकाव्यांनी ती वेगवान होते ते आतच राहतात. करमरकरांच्या बाबतीत पेटंटही होते आणि गुप्तताही होती.

पेटंट १० मे १९८८ रोजी मिळाले. शीर्षकात गणिताचे नाव नव्हते. साधनांच्या कार्यक्षम वाटपाच्या ‘पद्धती आणि उपकरणे’ असे ते होते. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेन्सन खटल्यात निव्वळ अल्गोरिदमला पेटंट नाकारले होते, म्हणून गणिताला यंत्राचा अंगरखा घालायची ही तजवीज. कंपनीने कॉरबेक्स नावाची यंत्रणा बाजारात आणली, किंमत ८९ लाख डॉलर. अमेरिकी हवाई दलाच्या वाहतूक विभागासारखी मोजकीच गिऱ्हाइके मिळाली आणि ती यंत्रणा मागे पडली. मालक कंपनी होती, करमरकर नव्हते. ‘आपल्या माणसाला त्याच्या बुद्धीचे मोल मिळाले’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

दरम्यान बाहेर काय घडत होते? तो निबंध वाचून जगभरचे गणितज्ञ कामाला लागले. १९८६ साली गिल, मरे, साँडर्स, टॉमलिन आणि राइट यांनी दाखवले की करमरकरांची रीत आणि १९५० - ६० च्या दशकांत मांडून नंतर मागे टाकलेली लॉगॅरिदमिक अडथळ्याची रीत यांचे जवळचे नाते आहे. १९८८ मध्ये रेनेगर यांनी कष्टांची हमी आणखी सुधारली. जपानमध्ये कोजिमा, मिझुनो आणि योशिसे यांनी दुहेरी बाजूने चालणारी रीत पक्की केली. १९९२ साली संजय मेहरोत्रा यांनी आधी अंदाज घेऊन मग दुरुस्ती करणारे जे तंत्र दिले, ते आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये या ना त्या रूपात आहे. नेस्तेरोव्ह आणि नेमिरोव्हस्की यांनी हाच विचार लिनिअर प्रोग्रामिंगच्या कितीतरी पलीकडे नेला. सिम्प्लेक्सवाल्यांनीही कंबर कसली आणि तिचाही वेग प्रचंड वाढला. हे सगळे पेटंटच्या कुंपणाबाहेर झाले आणि आज जग तेच वापरते. जे वाढले ते निबंधातून वाढले, जे विकायला ठेवले होते ते सुकले.

इथे कुणी म्हणेल, कुंपण होते म्हणूनच लोकांनी दुसऱ्या वाटा शोधल्या. म्हणजे पेटंटने संशोधनाला चालनाच दिली. विचार करण्याजोगा आक्षेप आहे. पण लोकांना खेचून आणले ते सिद्धान्ताच्या सामर्थ्याने; त्यासाठी पेटंटची गरज नव्हती, २३ पाने पुरेशी होती. शिवाय वळसा घालण्यात गेलेले श्रम हेही समाजाने मोजलेली किंमतच असते. प्रतिमा साठवण्याच्या जिफ प्रकारात वापरलेल्या आकुंचनाच्या रीतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस तिने त्यासाठी पैसे मागायला सुरुवात केली आणि लोकांना नवा प्रकार, पीएनजी, तयार करावा लागला. तो चांगला निघाला हे खरे. त्याच काळात अंकगणिती संकेतन ही आकुंचनाची सरस रीत मात्र पेटंटच्या भीतीने कित्येक प्रोग्रॅमकारांनी वापरलीच नाही आणि त्याहून दुबळी रीत जगाच्या गळ्यात पडली. वळसा घालून नेहमी चांगले गाव लागत नाही.

आरएसए या कूटलेखनाच्या रीतीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी ती १९७७ साली शोधली, १९८३ मध्ये पेटंट मिळाले आणि सप्टेंबर २००० पर्यंत अमेरिकेत ती परवान्याशिवाय वापरता येत नव्हती. १९९७ मध्ये उघड झाले की ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यातील क्लिफर्ड कॉक्स यांनी तीच रीत १९७३ साली शोधली होती. मग हक्क कुणाचा? आधी सुचले त्याचा, आधी छापले त्याचा, की आधी अर्ज केला त्याचा? गणितातल्या कल्पना एकाच वेळी अनेकांना सापडतात, कारण त्या तिथे असतातच.

याच ठिकाणी ‘रशियात आधी झाले होते’ म्हणणाऱ्यांकडे वळायला हवे. त्यांचे म्हणणे निराधार नाही. कान्तोरोविच यांचे विद्यार्थी आय. आय. डिकिन यांनी १९६७ मध्ये आतून जाणारी एक रीत छापली होती. करमरकरांच्या निबंधानंतर इतरांनी ती रीत करमरकरांच्या रीतीचे सोपे रूप म्हणून नव्याने शोधली, आणि डिकिन यांचे नाव पाश्चात्त्य गणितज्ञांना बऱ्याच उशिरा कळले. पण डिकिन यांच्या रीतीला कष्टांची हमी नव्हती. करमरकरांनी ती हमी सिद्ध केली, आणि तीच सगळी क्रांती आहे. ‘आतून जा’ असे म्हणणे वेगळे आणि आतून गेल्यास उत्तर ठरलेल्या कष्टांत मिळेलच हे सिद्ध करणे वेगळे. म्हणून करमरकरांना लहान करण्याचे कारण नाही. लहान ठरते ते पेटंटचे कार्यालय. कारण १० मे १९८८ या त्याच दिवशी बेलच्या दुसऱ्या एका संशोधकाच्या नावे त्या सोप्या रूपालाही पेटंट दिले गेले, म्हणजे साररूपाने जे २१ वर्षांपूर्वी छापलेले होते त्याला. गणितात आधी काय झाले आहे हे शोधायला गणितज्ञांनाच वर्षे लागतात. ते काम पेटंट तपासनीस मुदतीच्या आत कसे करणार?

गणित गुप्त ठेवून त्यावर पोट भरण्याचा प्रयोग इतिहासात झालेला आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीत त्रिघाती समीकरण सोडवण्याची रीत देल फेर्रो यांनी जवळपास आयुष्यभर लपवली, कारण गणिती द्वंद्व जिंकून नोकरी टिकवायची असे. तार्ताल्याने तीच रीत स्वतंत्रपणे शोधली आणि तिलाही शपथेचे कुलूप घातले. कार्दानोने १५४५ मध्ये ती छापली, श्रेय दोघांनाही दिले, तरी जन्माचे वैर जडले. बीजगणित पुढे गेले ते मात्र त्या छापील पानांवरून. आपल्याकडे याच्या अगदी उलट उदाहरण आहे आणि ते खानदेशात आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. त्यातल्या मराठी ओळींत मठाला काय काय दिले त्याची यादी आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या करातला वाटासुद्धा. बाजाराच्या करातून गणिताच्या अध्ययनाचा खर्च, ही व्यवस्था आपल्याच मातीत आठशे वर्षांपूर्वी होती. तो काळ आदर्श होता असे मी म्हणत नाही; त्या मठात कुणाला प्रवेश होता आणि कुणाला नव्हता हे आपल्याला माहीत आहे. पैसा कुठून यावा आणि ज्ञान कुठे जावे याचे उत्तर मात्र तिथे आहे.

पेटंटच्या बाजूचे सर्वांत बळकट उदाहरण मी टाळणार नाही. गूगलच्या पेजरँक या, शोधात सापडलेल्या पानांचा क्रम लावणाऱ्या रीतीचे पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे होते. परवान्याच्या बदल्यात विद्यापीठाला कंपनीचे १८ लाख शेअर मिळाले आणि पुढे ते विकून सुमारे ३३.६ कोटी डॉलर आले. एका अल्गोरिदमच्या हक्कातून विद्यापीठाला इतका पैसा मिळत असेल तर आयआयटीने का मिळवू नये? याचे पूर्ण खंडन माझ्याकडे नाही. तो पैसा खरा आहे. पण त्या रीतीचा गाभा १९९८ मध्येच छापला गेला होता, आणि पैसा आला तो एक कंपनी अफाट वाढली म्हणून. एवढ्या एका यशाकडे बोट दाखवून सगळ्या गणिताला कुंपण घालायचे का? मग आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांच्याकडेही पाहावे. ऑगस्ट २००२ मध्ये त्यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरलेल्या कष्टांत ओळखण्याची रीत शोधली आणि थेट संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवली. थोड्याच दिवसांत जगभरचे गणितज्ञ तिची सिद्धता सोपी करून दाखवू लागले. १९८८ साली करमरकरांना गणितातला जो फुल्कर्सन पुरस्कार मिळाला होता, तोच २००६ मध्ये या तिघांना मिळाला. कयाल आणि सक्सेना नुकतेच पदवीधर झालेले होते. कुठल्या पेटंटच्या आशेने त्यांनी हे केले?

राहिला प्रश्न माणसे इथे का टिकत नाहीत याचा. करमरकर पुढे भारतात आले होते, हे किती जणांना माहीत आहे? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काही वर्षे काम केले. प्रक्षेपीय भूमितीवर आधारलेल्या महासंगणकाच्या रचनेची कल्पना ते बाळगून होते. २००६ च्या सुमारास टाटा समूहाच्या पाठबळावर पुण्यात ‘कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज’ उभी राहिली तेव्हा ते तिच्याशी जोडलेले होते, आणि नंतर ते बाहेर पडले. तिथे बांधलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या यादीत जगात चौथा आला. यात कोण चुकले हे मी ठरवू शकत नाही. पण अडचण पेटंट कायद्याची नव्हती, एवढे नक्की. दहा-पंधरा वर्षे निकालाची घाई न करता एका अवघड कल्पनेवर काम करू देणारी जागा आणि पैसा, ही ती अडचण आहे. कलम ३ (के) उद्या रद्द केले तरी ती जागा निर्माण होणार नाही.

हे कलम यापूर्वीही पणाला लागले आहे. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने ते सैल करायचा प्रयत्न झाला आणि २००५ मध्ये संसदेने तो बदल वगळला. त्याच वर्षी जुलैमध्ये युरोपीय संसदेने सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. आपल्याकडे पुढे २०१९ च्या फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ‘तांत्रिक परिणाम’ दाखवणाऱ्या शोधांना दार उघडे असल्याचे म्हटले, आणि त्याला माझा विरोध नाही. एखादे यंत्र खरोखर नव्या तऱ्हेने चालत असेल तर त्या यंत्राला पेटंट मिळावे. मात्र त्या दारातून करमरकरांच्या पेटंटसारखे अंगरखा घातलेले गणित आत येता कामा नये. आणि नवे संशोधन हवे असेल तर सरकारी पैशाने झालेला प्रत्येक अल्गोरिदम त्याच्या चालणाऱ्या प्रोग्रॅमसह आणि चाचणीच्या प्रश्नांसह उघड व्हावा अशी अट अनुदानातच घालावी, कंपन्यांच्या प्रयोगशाळांशी होणाऱ्या सरकारी करारांनाही ती लागू करावी, आणि गणिती संगणनासाठी दीर्घ मुदतीची, दरवर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार नसलेली पदे मुंबई-पुण्यापासून सुरू करावीत.